स्पीड घेतली की फायबर बोट डाव्या अंगावर चालते, उभी असताना एकदम सरळ. काय बघू?

दांडीकिनारा (मालवण)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो कारण दोन आठवडे झाले यातच अडकलोय आणि आता काही सुचेनासं झालंय. माझी २३ फुटी फायबर बोट आहे, सिंगल ६० एचपी आउटबोर्ड मशीन, स्टेअरिंग उजवीकडे, मागे दोन बाकं. मालवण जेट्टी ते देवबाग संगम, डॉल्फिन, तारकर्लीचा किनारा असा माझा धंदा. बोट ६ वर्षं मीच चालवतोय आणि इतक्या वर्षांत कधी तक्रार नव्हती. यंदा पावसाळा संपल्यावर पाण्यात टाकली आणि पहिल्याच दिवशी जाणवलं की स्पीड घेऊन बोट पाण्यावर उठली की ती डाव्या अंगावर कलते. थोडीथोडकी नाही, डॅशवर पाण्याची बाटली उभी ठेवली तर आडवी होऊन घरंगळत डाव्या कोपऱ्यात जाऊन बसते.

जेट्टीला बांधलेली असताना एकदम सरळ. हळू चालवली तरी सरळ. साधारण १४-१५ नॉटच्या पुढे गेलं की कलायला लागते आणि २० ला सगळ्यात जास्त. दुपारी देवबागहून परत येताना अजून जास्त वाटतं, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील तर माहीत नाही.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. पेट्रोलची टाकी डावीकडे होती ती उजवीकडे घेतली, बॅटरी मधे आणली, पॅसेंजर जास्त करून उजव्या बाजूला बसवले, त्याने थोडा फरक पडला पण कल गेला नाही. पंखा (प्रोपेलर) यंदाच नवीन टाकलाय, स्टीलचा, पिच (एका फेऱ्यात पंखा पुढे कापतो ते अंतर) २ ने जास्त. मेकॅनिक म्हणाला पंख्यामुळेच होतंय, म्हणून जुना अल्युमिनियमचा परत लावून बघितला, किंचित कमी झालं, पण कल आहेच. आणखी एक गोष्ट, टॉप स्पीड पूर्वीपेक्षा २-३ नॉट कमी झालाय आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) पण पहिल्यासारखी उचलत नाही, पुढे दबल्यासारखी चालते.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला बोट उलटली, दोन पर्यटक गेले, ते इथे कोणीच विसरलेलं नाही. माझ्या बोटीत लोकं लहान पोरांना मांडीवर घेऊन बसतात. त्यामुळे "चालतंय तसं चालू दे" असं मला करायचं नाहीये. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

तोंडवळीचो_खलाशी

उजव्या बाजूक वाळूची दोन पोती टाक आणि चालव. आमचो बापूस पण असाच करी. चार दिवस बघ, नायतर मगे मेकॅनिकाक बोलव.

मांडवी_मशीन (पणजी)

दादा, मी आउटबोर्डचं काम करतो, माझ्या बाजूने सांगतो. साधा पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणजे उजवीकडे. पंखा पाण्याला उजवीकडे पिळतो आणि पाणी मशीनला, म्हणजे पर्यायाने बोटीला, डावीकडे पिळतं. त्यामुळे सिंगल मशीनच्या बोटीला डावीकडे थोडा कल असणं हे नैसर्गिक आहे, स्टेअरिंग उजवीकडे देण्याचं एक कारण पण हेच, चालवणाऱ्याचं वजन त्या बाजूला पडतं. पिच वाढवला की हा पीळ वाढतो, म्हणून जुना पंखा लावल्यावर तुम्हाला किंचित कमी वाटलं ते बरोबरच आहे.

आता एक बघा. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते तिच्या खाली माशाच्या परासारखा एक छोटा तुकडा असतो, बऱ्याच मशीनवर तोच झिंकचं, म्हणजे मशीनला गंजण्यापासून वाचवायचं, काम पण करतो. तो वाकडा असेल किंवा सर्व्हिसिंगला काढून परत लावताना खूण न बघता लावला असेल तर स्टेअरिंग एका बाजूला ओढतं. मग चालवणारा नकळत चाक उलट्या बाजूला धरून ठेवतो, मशीन कायम थोडं तिरकं राहतं आणि बोट कलते. नियम सोपा आहे, बोट डावीकडे ओढत असेल तर त्या तुकड्याचं मागचं टोक डावीकडे वळवायचं, उजवीकडे ओढत असेल तर उजवीकडे. एका वेळी थोडंसंच, बोल्ट नीट घट्ट करा आणि परत चालवून बघा. सर्व्हिसिंग कधी झाली?

दांडीकिनारा

@मांडवी_मशीन दादा, बरोबर पकडलंत, सर्व्हिसिंग सप्टेंबरमध्ये झाली आणि तुकडा नवीन टाकलाय. आज बघितला तर खरंच सरळ नव्हता. स्टेअरिंग डावीकडे ओढत होतंच, मला वाटलं कलल्यामुळे ओढतंय. टोक डावीकडे घेतलं, दोन वेळा जुळवलं, आता चाक एका बोटावर धरता येतं, खूप आभार. पण कल आहे तसाच आहे. बाटली अजून कोपऱ्यातच जाते.

@तोंडवळीचो_खलाशी दादा, पोती टाकून पण बघितली, २० नॉटला जरा सरळ वाटते, पण वेग कमी करून जेट्टीला आलो की बोट उजवीकडे कललेली. पॅसेंजर चढताना अजून कलते. भीती वाटली, काढून टाकली.

फायबरकाम_वेंगुर्ला

पोती काढलीत ते चांगलं केलंत. कारण सांगतो, कारण बरेच जण हेच करतात. बोट उभी असताना सरळ आणि स्पीडला वाकडी, याचा अर्थ दोष वजनाचा नाही. वजनाचा असता तर जेट्टीला सगळ्यात जास्त दिसला असता, कारण तिथे बोटीला फक्त वजनच खाली-वर करतं. स्पीडला बोटीला पाणी खालून उचलत असतं आणि ते उचलणं वेग दुप्पट झाला की साधारण चौपट होतं. पोतं मात्र १० नॉटलाही ४० किलो आणि २५ नॉटलाही ४० किलोच. म्हणजे एका स्पीडला तुम्ही जुळवलंत तरी बाकी सगळ्या स्पीडला ते चुकीचंच असणार, आणि वर कड पाण्याजवळ येते ते वेगळं.

मी ३० वर्षं फायबरचं काम करतो, बोटी बांधतो कमी, दुरुस्त करतो जास्त. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला टोचतायत, टॉप स्पीड कमी झाला आणि नाळ दबून चालते. नुसत्या पंख्याच्या पिळाने नाळ दबत नाही. पण अंदाजावर बोलायला नको, उद्या सकाळी वारा पडलेला असताना, मतलई पण थांबलेली असेल तेव्हा, पाणी सपाट असताना एवढं करा. एकटे जाऊ नका, एक माणूस सोबत घ्या आणि लाइफ जॅकेट घालून.

आधी निघायच्या आधी बोटीच्या दुहेरी तळात पाणी आहे का बघा. नुसतं बिल्ज पंपावर (तळातलं पाणी उपसणारा पंप) विश्वास ठेवू नका, प्लग काढून बोट वर ओढून बघा. ३ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद जागेत १० सेंटिमीटर पाणी साठलं तर ते दीडशे लिटर होतं, दोन मोठी माणसं झाली, आणि ही माणसं जिकडे कलेल तिकडे पळतात. तेव्हा पाणी नाही याची खात्री पहिली.

मग सरळ रेषेत २० नॉट धरा, एकदा उत्तरेला एकदा दक्षिणेला. दोन्हीकडे डावीकडेच कलते का बघा. एकीकडे डावीकडे आणि दुसरीकडे उजवीकडे असेल तर तो वारा, बोट नाही.

आता मुख्य गोष्ट. २० नॉटला कल पूर्ण आलेला असताना थ्रॉटल हळू पण पूर्ण खाली घ्या. झटक्यात नाही, नाहीतर मागची लाट ट्रान्समवरून (मशीन लावलेली मागची उभी भिंत) आत येईल. थ्रॉटल खाली आला की पंख्याचा पीळ जवळजवळ लगेच जातो, पण बोट अजून दोन-तीन सेकंद पाण्यावर उठलेलीच पळत असते. त्या दोन-तीन सेकंदांत काय होतं तेवढंच बघायचं आहे. थ्रॉटलबरोबर बोट सरळ झाली तर दोष मशीनमध्ये. थ्रॉटल गेल्यावरही कललेलीच राहिली आणि खाली बसताना सरळ झाली, तर दोष बुडात. तीन वेळा करा, सोबतच्या माणसाला मोबाईलवर क्षितिज धरून व्हिडिओ काढायला सांगा, डोळ्याला नेहमी बरोबर दिसत नाही.

आणि एक प्रश्न, पावसाळ्यात बोट कशावर ठेवली होती? मशीन काढलं होतं का?

दांडीकिनारा

काका, आज सकाळी साडेसहाला गेलो, पाणी आरशासारखं होतं. प्लग काढून बघितलं होतं, अर्धी बादली पण निघालं नाही. उत्तरेला डावीकडे, दक्षिणेला पण डावीकडे, साधारण सारखंच.

थ्रॉटलचं तीन वेळा केलं. तिन्ही वेळा मशीनचा आवाज गेला तरी बोट डावीकडेच राहिली आणि खाली बसली तशी सरळ झाली. भावाने व्हिडिओ काढलाय, त्यात स्पष्ट दिसतं. मी ६ वर्षं ही बोट चालवतोय आणि हे कधी बघितलं नव्हतं. अंगावर काटा आला खरंच, म्हणजे पंखा, झिंक, टाकी, मी सगळीकडे शोधत होतो आणि दोष माझ्या पायाखाली.

पावसाळ्यात बोट घराच्या मागे नारळांच्या आळ्यांच्या पलीकडे ठेवली होती. डाव्या बाजूला टायर होते, उजवीकडे टायर कमी पडला म्हणून नारळाचा ओंडका घातला. मशीन बोटीवरच होतं, झाकून ठेवलं होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. चुकलं का?

टँपा_बे_वरून

मी मूळचा रत्नागिरीचा, आता फ्लोरिडात असतो, २१ फुटी खोल व्ही बुडाची बोट आहे माझी. वाऱ्याबद्दल थोडं सांगतो कारण त्यांनी पहिल्या पोस्टमध्ये दुपारी परत येताना जास्त कलते असं लिहिलंय आणि ते मनाचे खेळ नाहीत.

लोकांना वाटतं वारा बोटीला ढकलतो म्हणजे बोट वाऱ्यापासून लांब कलणार. हळू बोटीत तसंच होतं. पण स्पीडमधली व्ही बुडाची बोट उलट वाऱ्याच्या दिशेला कलते. वारा नाळेला ढकलतो, तुम्ही सरळ जायला चाक थोडं वाऱ्याकडे धरून ठेवता, आणि वळताना बोट जशी आत कलते तशीच ती थोडी वाऱ्याकडे कललेली राहते. मालवणला दुपारी वारा वायव्येचा असतो, देवबागहून उत्तरेला येताना तो डाव्या हाताला समोरून लागतो, म्हणजे वाऱ्याचा कल पण डावीकडे. आधीच डावीकडे कलणाऱ्या बोटीत तो मिळाला की दुप्पट वाटणार. सकाळी तुम्ही शांत पाण्यात बघितलंत त्यामुळे हा भाग वेगळा निघाला, छान झालं.

इकडे यासाठी ट्रान्समच्या दोन्ही कडांना ट्रिम टॅब असतात, स्टीलच्या पट्ट्या, बटणाने खालीवर होणाऱ्या. ज्या बाजूला बोट दबलीय त्याच बाजूची टॅब खाली घ्यायची, ती पाण्याला दाबते आणि तो कोपरा उचलला जातो. तुम्ही पण बसवू शकता, पण आधी काका सांगतील ते करा.

दांडीकिनारा

@टँपा_बे_वरून धन्यवाद दादा. मग डाव्या बाजूला नुसती एक पाचर मारली तर? इथे एक जण म्हणाला ट्रान्समच्या खाली डावीकडे फायबरची पाचर करून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

फायबरकाम_वेंगुर्ला

पाचर नको, निदान आत्ता नको. पाचरीने डावा कोपरा उचलेल, कल जाईल पण, पण नाळ आधीच दबलीय ती अजून दबेल, कारण मागचे दोन्ही कोपरे उचलले की पुढचं टोक खाली जाणारच. नाळ दाबून चालणारी बोट मागून येणाऱ्या लाटेवर एकदम एका बाजूला फिरते. संगमाच्या तोंडाशी, जिथे ओहोटीला लाट उभी राहते, तिथे हे व्हायला नको.

ओंडका वाचला आणि मला उत्तर मिळालं असं वाटतंय, पण मोजल्याशिवाय मी म्हणणार नाही. आणि एक सांगतो, दोष डावीकडे शोधू नका. उजवीकडे शोधा.

असं बघा, पळणाऱ्या बोटीचं बूड मागच्या चार-पाच फुटांत अगदी सरळ असावं लागतं. ते जर आतल्या बाजूला दबून खोलगट झालं तर ट्रान्समजवळची कड त्या मानाने खाली राहते, पाणी तिला धडकून वर ढकलतं, म्हणजे न लावलेली ट्रिम टॅबच झाली ती. तो कोपरा उचलला जातो आणि बोट विरुद्ध बाजूला कलते, आणि नाळ दबते, आणि स्पीड कमी होतो. तुमच्या तिन्ही तक्रारी यात बसतात. उलट बूड फुगीर झालं असतं तर पाण्याने तो कोपरा खाली ओढला असता आणि बोट त्याच बाजूला कलली असती, पण मग नाळ दबली नसती, उलट वर उचलली असती.

गवंड्याकडून प्लास्टरची अल्युमिनियमची पट्टी घ्या, ५-६ फुटी, आणि ती आधी सपाट काचेवर ठेवून सरळ आहे याची खात्री करा. बोट वर ओढा, बूड घासून साफ करा, शेवाळ आणि शिंपले असतील ते काढा, कारण एका बाजूला ते जास्त असले तरी पण फरक पडतो. मग ट्रान्समपासून पुढच्या दिशेने पट्टी लावा, कीलपासून (बुडाचा मधला कणा) कडेपर्यंत दर वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंना, आणि मागून टॉर्च मारा. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा आणि किती फट आहे ते मोजा. ओंडका कुठे होता ती जागा पण आठवून खूण करा.

दांडीकिनारा

काका, फोटो टाकलेत.

डावीकडे कुठेही उजेड नाही, एका ठिकाणी कागद जेमतेम जातो. उजवीकडे कील आणि कडेच्या मधोमध, ट्रान्समपासून अडीच फुटांवर, पट्टीखाली दोन रुपयांची चार नाणी एकावर एक ठेवून सरकली. पट्टीने मोजलं तर ७ मिमी. खोलगट भाग लांबीला साडेतीन फूट आहे. आणि ओंडका बरोब्बर तिथेच होता, जेलकोटवर (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) त्याच्या सालीचा डाग अजून आहे, आडवा, हाताच्या पंजाएवढा रुंद. सहा वेळा त्याच्यावर हात फिरवला तेव्हा हाताला कळलं, डोळ्याला तोपर्यंत काहीच दिसत नव्हतं.

मांडवी_मशीन (पणजी)

मानलं काका तुम्हाला. मशीनवाले आम्ही कायम मशीनच बघतो. ६० एचपीचं मशीन शंभर किलोच्या आसपास असतं, चार महिने ट्रान्समवर लटकलेलं आणि त्याचा सगळा भार ओंडक्याच्या एका पट्टीवर.

फायबरकाम_वेंगुर्ला

बरोबर. आणि भार आधाराच्या मागे लटकला की ट्रान्सम खाली ओढला जातो आणि आधाराच्या जागी बूड आत जातं, म्हणजे दोन्हीकडून खोलगटपणा वाढतो. पावसाळ्यात जमीन मऊ होते, टायर थोडे बसतात, ओंडका बसत नाही, मग तर सगळंच एका बाजूला येतं.

आता दुरुस्तीचं. घाईने बाहेरून पुट्टी भरू नका, आधी आतलं हाड बघा. नाण्याने किंवा प्लास्टिकच्या हातोडीने त्या जागेवर वाजवत जा, टणटण आवाज येतोय तिथे ठीक, भदभद येतोय तिथे आत काहीतरी सुटलंय. ७ मिमी आत गेलंय म्हणजे वरची उभी पट्टी, स्ट्रिंजर, एकतर तडकली असेल नाहीतर बुडापासून सुटली असेल. ती तशीच ठेवून बाहेरून भरलंत तर जेट्टीला बूड सरळ दिसेल आणि २० नॉटला पाण्याच्या दाबाने परत आत जाईल. असं बूड लाटेवर आत-बाहेर होत राहतं, काही दिवसांनी पुट्टीला चीर जाते, मग पाणी.

मशीन उतरवा, टाकी, बॅटरी, सगळं वजन काढा. बोट कीलवर आणि ट्रान्समच्या बरोबर खाली आधार देऊन ठेवा, खोलगट जागेला काहीही टेकू नका. मागच्या बाकाखालची फळी कापून आत बघा. आठवडाभर उन्हात असंच ठेवा, फायबर थोडं स्वतःहून परत येतं, सगळं नाही पण येतं. रोज पट्टी लावून मोजून लिहून ठेवा.

दांडीकिनारा

(९ दिवसांनी)

उशीर झाला त्याबद्दल सॉरी, सगळं उघडून बसलो होतो. स्ट्रिंजर खरंच सुटला होता, साधारण दोन फूट, आणि त्याच्या आतलं प्लायवूड एका जागी काळं पडून ओलं झालं होतं, बोटाने खरवडलं तर चहाच्या चोथ्यासारखं निघालं. वरून फळी टाकलेली असल्याने हे कधी दिसलंच नसतं. ७ मिमीचं तिसऱ्या दिवशी ५ झालं आणि आता ३ वर थांबलंय. चार दिवस हलत नाहीये. आता पुढे काय करू? इथला पोरगा पॉलिस्टर रेझिनने करतो, इपॉक्सीचं त्याला माहीत नाही.

फायबरकाम_वेंगुर्ला

३ वर आलं म्हणजे चांगलं आलं. आता याच स्थितीत आतलं काम करायचं, म्हणजे बूड या आकारात धरून राहील.

कुजलेलं प्लायवूड कोरडं लाकूड लागेपर्यंत काढा, अर्धवट ठेवू नका. दोन-तीन दिवस वाळू द्या, हॅलोजनचा दिवा लावा पण जळेल इतका जवळ नको. नवीन मरीन प्लाय घालून वरून मॅट आणि रोव्हिंगचे (काचतंतूच्या कापडाचे) थर द्या, जुन्या फायबरवर दोन्ही बाजूंना निदान ४ इंच चढले पाहिजेत, आणि त्याआधी जुना भाग ग्राइंडरने पांढरा होईपर्यंत घासलेला पाहिजे, गुळगुळीतवर काहीच धरत नाही. पॉलिस्टर चालेल, तुमची बोट पॉलिस्टरचीच आहे, पण जुन्यावर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, मिळालं तर आतलं काम इपॉक्सीने करा. एक मात्र लक्षात ठेवा, इपॉक्सी पॉलिस्टरवर धरतं, पॉलिस्टर इपॉक्सीवर नीट धरत नाही. म्हणजे बाहेरून इपॉक्सी भरलंत तर त्याच्यावर साधा जेलकोट नको, इपॉक्सी प्रायमर आणि मग पेंट.

त्या पोराला माझ्याकडून सांगा, कोबाल्ट आणि हार्डनर (पॉलिस्टर रेझिन कडक करायला घालतात ती दोन रसायनं) कधीही एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, आग लागते, स्फोट पण होतो. कोबाल्ट रेझिनमध्ये आधी पूर्ण ढवळायचं, मग वेगळ्या काठीने हार्डनर, साधारण १ ते २ टक्के. त्याला माहीत असेलही, पण मी या कामात एकाचा हात गेलेला बघितलाय म्हणून लिहितोय.

आतलं पूर्ण कडक झाल्यावर बाहेरचं. उरलेले ३ मिमी इपॉक्सी पुट्टीने भरा, गाडीच्या डेंटिंगची पुट्टी पाण्याखाली चालत नाही, ती पाणी पिते. पुट्टी थोडी जास्त लावा आणि तीच गवंड्याची पट्टी मागून पुढे ओढा, वाळल्यावर लांब फळीला सँडपेपर लावून घासा, हाताने घासलंत तर खड्डे पडतात. आणि शेवटची गोष्ट, ट्रान्समजवळची खालची कड धारदार ठेवा, गोल करू नका. गोल झाली की पाणी तिच्यावरून वर वळतं आणि कोपरा खाली ओढतं, म्हणजे इतकं करून उलट्या बाजूला कल येईल. पोरं सुबक दिसावं म्हणून कडा गोल करतात, तिथे तुम्ही स्वतः उभे राहा.

दांडीकिनारा

(१६ दिवसांनी)

मंडळी, आज सकाळी पाण्यात टाकली.

काकांनी सांगितलं तसंच सगळं केलं, इपॉक्सी कोल्हापूरहून मागवलं. कड घासताना पोरगा खरंच गोल करायला लागला होता, हात धरून थांबवला. पट्टी लावून टॉर्च मारला तर आता उजवीकडे पण उजेड नाही.

पाणी शांत, मी आणि भाऊ दोघेच. १५ ला सरळ. १८ ला सरळ. २० धरले आणि दोघेही काहीच बोललो नाही, मी डॅशकडे बघत होतो, बाटली उभी होती. फुल थ्रॉटलला डावीकडे किंचित जाते, पण ती पंख्याच्या पिळाची असणार, मांडवीवाल्या दादांनी सांगितली तशी, थ्रॉटल कमी केला की लगेच सरळ. नाळ उचलते. टॉप स्पीड आधीचा परत आलाय, वर नवीन पंख्याचा एक नॉट जास्तच.

दुपारी देवबागहून मुद्दाम वाऱ्यातून आलो, वारा डावीकडून समोरून, थोडी डावीकडे कलली पण टँपावाल्या दादांनी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. पॅसेंजर असतील तर दोघांना उजवीकडे सरकायला सांगेन.

काका, तुम्ही वेंगुर्ल्याहून बसल्या जागी इतकं सांगितलंत, पैशाचं विचारू पण शकत नाही. आई म्हणाली त्यांना जेवायला बोलव. खरंच या.

आता एकच राहिलंय. पावसाळ्यात मशीन उतरवून ठेवायला घोडी करून घ्यायचीय, ६० एचपीचं वजन पेलेल अशी, चाकं असलेली. कोणाकडे मापं असतील तर टाका.

फायबरकाम_वेंगुर्ला

जेवायला येतो, आईला सांगा. येताना पट्टी घेऊन येतो, तुमच्या शेजारच्या बोटींना पण लावून बघू, ओंडके बऱ्याच जणांनी घातलेले असतात.

तोंडवळीचो_खलाशी

घोडी करून घेव नको. माझ्याकडे जुनी लोखंडी आसा, एक चाक बदलूक लागतला पण मजबूत आसा, कोण वापरणा नाय. रविवारी सांजेक ये नि घेवन जा. आणि ती पट्टी माझ्या बोटीक पण लावन बघूया.